नऊ-शून्यचं दार

“…दार सरांनी स्वतःच काढलं म्हणे. आत जायलाच नको म्हणून. नाहीतर पद्मलवहिनींचं सगळं—”

एवढं मला जिन्यात ऐकू आलं आणि खालच्या मजल्यावरच्या वैजयंतानं मिक्सर लावला. पुढचं चटणीबरोबर वाटलं गेलं. मी दोन पायऱ्या वर जाऊन थांबले, मिक्सर बंद व्हायची वाट पाहिली. पण तो बंद झाला तेव्हा वैजयंता आणि तिच्याकडे बसलेली बाई कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलवर आल्या होत्या.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर, कम्प्युटरला जोडायच्या प्रत्येक वस्तूचं पॅसेजमध्ये एक दार आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण जयसिंगपुरात नव्यानं आलेली माणसं आमच्या सोसायटीत पहिल्यांदा येतात तेव्हा जरा बिचकतात. समोरच्या मगदूम सरांकडे विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा कम्प्युटर आहे आणि लिनक्सला दारं लागतात. दार नसेल तर वस्तू घरात असून नसल्यासारखी. कीबोर्डचं दार मांजर जाईल एवढंच आहे. प्रिंटरचं बुटकं, आणि पावसाळ्यात फुगतं. डिस्कची दारं मात्र चांगली पुरुषभर उंच, सागवानी, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात दोन आकडे. पहिला आकडा घराण्याचा, दुसरा त्या दाराचा.

आठचं घराणं म्हणजे सुट्या डिस्कचं. नऊचं घराणं म्हणजे एकत्र कुटुंबाचं. दोन डिस्क एका संसारात घातल्या की त्यांना आठच्या दारानं आत-बाहेर करता येत नाही, नऊच्या दारानं करावं लागतं. मग जे एकीत ठेवाल ते दुसरीतही आपोआप राहतं. एक गेली तरी दुसरी असते. हे मला सरांनी सांगितलं. सर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, त्यामुळे त्यांना समजावून सांगायची सवय आहे आणि मला विचारायची.

नऊची सोळा दारं बिल्डरनं सुरुवातीलाच लावून दिली होती. नऊ-शून्यपासून नऊ-पंधरापर्यंत. सगळी रिकामी. उघडलं की मागं भिंत. चौदा वर्षांत एकदाही त्यांची कुणाला गरज पडली नाही.

नऊ-शून्यचं दार सरांनी काढलेलं नव्हतं. ते मी काढलं होतं.

चैत्रातली गोष्ट. पाच किलो गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून चीक शिजवला होता आणि गच्चीवर वारा असा सुटलेला की प्लास्टिकचा कागद चार विटा ठेवूनही उडत होता. चीक थांबत नाही. गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही. मी फळी शोधत खाली आले आणि पॅसेजमध्ये नऊ-शून्य दिसलं. बिजागरीतून वर उचललं तर अलगद निघालं. वजनाला हलकं, गुळगुळीत, एक खिळा वर आलेला नाही. मी त्याला तेलाचा हात फिरवला आणि त्यावर कुरडया घातल्या. इतक्या सुरेख सुटल्या की दुसऱ्या आठवड्यात परत पाच किलो भिजवले.

परत लावायचं मनात होतं. होतं म्हणजे होतंच.

आता सरांचं सांगते. त्यांच्या मंडळी, पद्मलवहिनी, दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी सुप्रभा हुबळीला दिलेली. वहिनी तिला फोनवर आवाज भरून पाठवायच्या. आमटी आंबट झाली तर काय करायचं, सासूला ताप आला तर काय करायचं, नवरा रुसला तर काय अजिबात करायचं नाही. अशा तीनशे चौदा सूचना. सुप्रभाचा तो फोन पुढं बिघडला, पण सरांनी त्या सगळ्या एका डिस्कवर ठेवल्या होत्या. आठ-शून्यचं दार. ते उघडलं की आत वहिनी बोलत असायच्या, कधी एक सूचना, कधी दुसरी. मी पॅसेजमध्ये भाजी निवडत बसते, त्यामुळे मला ऐकू यायचं. मी काही कान लावत नव्हते. पॅसेज अरुंद आहे.

फाल्गुनापासून आठ-शून्यचं दार कुरकुरायला लागलं. मग उघडताना आतून कट-कट आवाज यायला लागला. मग ते खाली टेकायला लागलं. सर मला म्हणाले, “वहिनी, डिस्क जायला आलीय. दार पडलं की आतलं सगळं गेलं.” त्यांनी दोन नव्या डिस्क मागवल्या. त्यांची आठ-सोळा आणि आठ-बत्तीस ही दारं ठीक होती. दोघींना एकत्र कुटुंब म्हणून नोंदवलं, मुख्य दार नऊ-शून्य असं लिहिलं. कम्प्युटरनं उत्तर दिलं: नऊ-शून्य उघडता येत नाही, असं काही अस्तित्वात नाही.

सर बाहेर आले. मी तिथंच मेथी निवडत होते. नऊ-एकच्या अलीकडे नुसती भिंत आणि दोन बिजागऱ्या.

“इथलं दार कुठं गेलं हो वहिनी?”

“कुठलं दार?” मी म्हणाले. मेथीची जुडी माझ्या हातात होती. मी चांगली पानं टाकून देत होते आणि देठ टोपलीत ठेवत होते.

त्याच वेळी सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण गच्चीवर ओल्या कुरडया होत्या, आणि सरांसमोर “तुमच्या संसाराच्या दारावर मी चीक पसरलाय” हे कुठल्या तोंडानं सांगायचं? वाळू देत, मग गुपचूप लावते, असं ठरवलं. वाळल्या तोवर प्रकरण सोसायटीकडे गेलं होतं.

आमचे सेक्रेटरी चौगुले आण्णा नियमाला पक्के आहेत. त्यांच्याकडे दारांची नोंदवही आहे. सरांनी विचारलं, शून्य नाही तर नऊ-एक द्या. आण्णा म्हणाले, “सर, शून्याचा निकाल लागल्याशिवाय एक देता येत नाही. उद्या कुणी येऊन एकदम पंधरा मागेल.”

“मग नवं शून्य बनवून द्या.”

“देतो की. पण जुनं कुठंच नाही असा पंचनामा लागेल. एका नंबरची दोन दारं झाली तर आतलं माणूस कुठल्या दारानं बाहेर येणार?”

सर म्हणाले, “आत माणूस नाही आण्णा. आवाज आहे.”

“आवाज तर आवाज. त्यालाही एकच दार पाहिजे.”

“बरं, नव्यापैकी एकीत तात्पुरतं ठेवतो.”

तेही होईना. एकत्र नोंद घातल्यापासून दोन्ही नव्या डिस्कनी आपापल्या दारांना आतून कडी लावून घेतली होती. सरांनी नोंद रद्द करून पाहिली, तर कम्प्युटर म्हणाला की रद्द करण्यासाठी नऊ-शून्यच्या दारानं आत यावं.

तेव्हा पंचनामा. साक्षीदार कोण, तर पॅसेजमध्ये कायम कोण असतं, खोतवहिनी, म्हणजे मी. आण्णांनी वही पुढं केली आणि स्वतः मजकूर सांगितला. मी लिहिलं: “मी, शालन खोत, फ्लॅट नंबर तीनशे दोन, लिहून देते की नऊ-शून्य या दाराचा सध्याचा ठावठिकाणा मला माहीत नाही.” आणि खाली सही केली. मी सातवीपर्यंत शिकले, माझं अक्षर चांगलं आहे. त्या पानावरही चांगलंच आलं.

“दुसरा साक्षीदार मिळाला की काम झालं,” आण्णा म्हणाले. पण मला सोडून त्या पॅसेजमध्ये कुणी बसत नाही. दुसरा साक्षीदार मिळेना आणि दिवस जात राहिले. सरही फारसे मागं लागले नाहीत. तेव्हा मला वाटलं, माणूस थकला असेल.

अशात ते जिन्यातलं बोलणं कानावर आलं. दार सरांनी स्वतःच काढलं म्हणे.

खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की संध्याकाळी मी वैजयंताकडे गेले आणि तिला विचारलं, “काय गं, सरांचं ते खरं का?”

“खरं असेल नसेल, शालनताई. माणूस एकटा पडला की त्याच्या डोक्यात काय येईल सांगता येतं का? रोज बायकोचा आवाज ऐकत कोण बसेल? पुढचं काही बघायला नको का त्यानं?”

“पुढचं म्हणजे?”

“म्हणजे पुढचं.” तिनं भुवई वर केली.

हे मी आणखी दोन घरी सांगितलं. तिसऱ्या घरी सांगताना त्यात सांगलीची एक शिक्षिका आली. ती कुठून आली मला माहीत नाही. माझ्याच तोंडून आली, एवढं खरं.

बुधवारी दुपारी आठ-शून्यची वरची बिजागरी निघाली. मी दाणे सोलत होते. सर दाराला खांदा लावून उभे होते, एका हातात फोन. फोनवर सुप्रभा होती, आवाज मोठा करून ठेवलेला.

“पप्पा, मी शुक्रवारी येतेय. डॉक्टर म्हणाले आता माहेरी जायला हरकत नाही. आईनं बाळंतिणीचं सगळं सांगून ठेवलंय ना, ते काढून ठेवा हं. मला तेव्हा ऐकताना हसू यायचं. म्हणायचे, आत्ता कशाला सांगतेस. आता पाहिजे.”

“ठेवतो बाळा.”

“सगळं आहे ना?”

“आहे.”

फोन ठेवून सर माझ्याकडे वळले. “वहिनी, जरा धरता का? मी पाचर घेऊन येतो.”

मी उठले आणि आठ-शून्यला खांदा लावला. दार माझ्या अंगावर आलं. एवढं जड असेल असं वाटलं नव्हतं. फटीतून वहिनी बोलत होत्या. मध्येच कट-कट, मग पुन्हा बोलणं. त्या सुप्रभाला पहिल्या उन्हाळ्याची बेगमी सांगत होत्या.

“…चीक शिजला का नाही कळत नसेल तर शालनकाकूंना फोन लाव. त्यांच्यासारखा चीक कुणाला जमत नाही. बाकी काही त्यांच्यापाशी बोलू नकोस, गावभर होतं. पण मनानं चांगल्या आहेत. काही अडलं तर आधी त्यांचंच दार वाजव.”

कट-कट.

सर पाचर घेऊन आले. मी म्हणाले, “सर, ते दार गच्चीवर आहे.”

“माहीत आहे,” सर म्हणाले.

दार माझ्या खांद्यावरून सुटणारच होतं. त्यांनी पटकन खांदा दिला.

“दुसऱ्याच दिवशी दिसलं मला. टाकी बघायला वर गेलो होतो. आकडे खालच्या बाजूला होते, पण कडेचं रंधकाम ओळखू येतं.”

“मग बोलला का नाही? मी पंचनाम्यावर सही केली तेव्हा तुम्ही शेजारी उभे होता!”

सर पाचर ठोकत राहिले. मग म्हणाले, “म्हटलं, वहिनींच्या कुरडया होऊ देत. दुसऱ्यांदा घातल्या तेव्हा म्हटलं, याही होऊ देत. नवं घर मांडायचं म्हणजे जुन्यातली प्रत्येक सूचना उचलून तिकडं नेऊन ठेवायची. प्रत्येक ऐकावी लागते. मला ते नको होतं. रोज एखादी कानावर पडते तेवढी पुरे होती.” मग पाचरीवर आणखी एक घाव घालून म्हणाले, “दार नाही म्हणून करता येत नाही, असं सुप्रभाला सांगता येत होतं. तुमच्यामुळं माझी सोय झाली.”

मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जी गोष्ट मी तीन घरी सांगून आले होते, ती निम्मी खरी निघत होती आणि माणूस माझ्यासमोर पाचर ठोकत होता.

मी आण्णांना हाक मारली. ते वही घेऊनच आले. आधी त्यांना आठ-शून्यला खांदा लावायला उभं केलं, मग सगळं सांगितलं.

“म्हणजे पंचनामा खोटा?” ते दाराखालून म्हणाले.

“खोटा.”

“वहिनी, तो रद्द केल्याशिवाय दार बसवता येत नाही. वही काखेत आहे, काढा. पेन खिशात आहे.”

मी त्यांच्या खिशातलं पेन काढलं आणि भिंतीवर वही धरून लिहिलं: “मी, शालन खोत, वर लिहिलेलं खोटं आहे असं लिहून देते. दार गच्चीवर आहे. ते मी नेलं. त्यावर कुरडया आहेत.” आण्णांनी मान वाकडी करून वाचलं. “किती कुरडया ते लिहा.” मी अंदाजे साठ लिहिलं.

गच्चीवर ऊन कडक होतं. दारावर आदल्या दिवशी घातलेल्या तिसऱ्या खेपेच्या कुरडया ओळीत बसल्या होत्या, वरून पांढऱ्या, खालून अजून ओलसर.

“वाळल्यात का?” सरांनी विचारलं.

“अजून एक ऊन लागलं असतं.”

“तेवढं नाही आपल्याकडे.”

मी दार एका कडेनं उचललं आणि तिरपं केलं. साठ कुरडया गच्चीवर सांडल्या. काही दुमडल्या, काही तुटल्या. सर वाकून वेचायला लागले तेव्हा मी ओरडले, “राहू देत हो!” आणि आम्ही दोघांनी दार खाली आणलं. जिन्यात वैजयंता भेटली. तिनं दाराकडे बघितलं, सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाली.

दार बिजागरीत अलगद बसलं. सर आत गेले आणि कम्प्युटरवर पुन्हा तीच ओळ लिहिली. मी नऊ-शून्यवर बोट वाजवलं. आधी भिंतीवर वाजतं तसं वाजलं. मग पोकळ वाजलं, जसं मागं खोली असल्यावर वाजतं. आतून दोन कड्या निघाल्याचा आवाज आला.

मग सूचना न्यायचं काम सुरू झालं. आठ-शून्यमधून वहिनी बोलायच्या, तेच थोड्या वेळानं नऊ-शून्यच्या आत ऐकू यायचं, जरा नव्या खोलीत घुमतं तसं. सर कम्प्युटरसमोर बसून एकेक ऐकत होते. आण्णा आणि मी आलटून पालटून दार धरत होतो. आण्णा माझ्या बाजूनं नव्हते, पण दार त्यांनी नीट धरलं. आंबट आमटी गेली. सासूचा ताप गेला. बाळंतिणीच्या चौतीस सूचना एकामागून एक गेल्या. डिंक किती तळायचा तेही गेलं. माझ्याबद्दलची सूचना गेली तेव्हा आण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

पाच वाजता, दोनशे अठ्ठ्याऐंशी झाल्यावर, खालची बिजागरी निघाली. आम्ही दोघांनी जोर लावला, पण दार सरळ खाली आलं आणि मागं भिंत होती.

सर बाहेर आले. “किती राहिल्या?” आण्णांनी विचारलं.

“सव्वीस.”

त्या कशाबद्दल होत्या हे सरांना माहीत नव्हतं. त्या शेवटच्या होत्या, दवाखान्यातून भरलेल्या. त्या त्यांनी कधी ऐकल्याच नव्हत्या.

“मी तीन आठवडे गप्प बसले,” मी म्हणाले. मला पदर तोंडाला लावावा लागला.

“मीही तीन आठवडे गप्प होतो, वहिनी. तेच तीन.”

शुक्रवारी सुप्रभा आली. तिनं दारावर हात फिरवला. तेलाचे गोल डाग जागोजाग उमटलेत, ते काही जात नाहीत. डाव्या कोपऱ्यात एक कुरडई चिकटून राहिली होती. मी नखानं काढायला गेले तर सर म्हणाले, राहू दे. आण्णांनी वहीत नोंद केली: “नऊ-शून्य. जागेवर. भरलेलं. डाव्या कोपऱ्यात कुरडई एक, कायम.”

सुप्रभानं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. मी पॅसेजमधली टोपली उचलून घरात गेले आणि आमचं दार लावून घेतलं. तशीही भाजी आत निवडता येते.

सव्वीसचं तिला सरांनी काय सांगितलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझं दार वाजवलं. पोट पुढं आलेलं, हातात पातेलं. “काकू, चीक कसा शिजवायचा?”

दोन दिवसांनी वैजयंतानं मला जिन्यात गाठलंच.

“शालनताई, मग दार सरांनी काढलं की नाही?”

“नाही. मी काढलं. कुरडया घालायला.”

“अय्या! आणि सांगलीची ती शिक्षिका?”

“अशी कुणी नाही. ती मी घातली.”

ती एक पायरी वर आली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “पण सरांना आत जायचं नव्हतं म्हणत होते, ते तरी खरं का?”

मी तोंड उघडलं होतं. मग मी म्हणाले, “वैजयंता, तू तुझा मिक्सर लाव.”